झोपताना लावायचा दिवा डोळ्याच्या पडद्याची सूज उतरवतो का?

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या रेटिना क्लिनिकच्या बाकावर बाहुली मोठी करायचे थेंब घालून बसलं की जवळचं काही वाचता येत नाही. मग सोबतचा मुलगा किंवा सून मोबाइलवरची जाहिरात वाचून दाखवते: डोळ्यांवर लावायचा पट्टा, आत लाल किंवा हिरवा उजेड, आणि "मधुमेहाने बिघडलेल्या पडद्यासाठी". प्रश्न ठरलेला असतो. हा लावला तर डोळ्यातलं इंजेक्शन टळेल का?

नाही टळत. पण "थोतांड आहे" एवढं म्हणून विषय मिटवला तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. कारण हिरव्या मास्कमागचा विचार अस्सल आहे, चांगल्या डोक्यातून आलेला आहे, आणि त्याची रीतसर चाचणीही झाली आहे. बाजारात "लाइट थेरपी" या एकाच नावाखाली जे विकलं जातं त्यात मात्र दोन-तीन वेगवेगळ्या वस्तूंची खिचडी झाली आहे. ती आधी निवडून घेऊ.

हिरव्या मास्कचा विचार असा. डोळ्याचा पडदा म्हणजे ऑक्सिजनचा मोठा गिऱ्हाईक. आणि तो सर्वांत जास्त ऑक्सिजन ओढतो तो अंधारात. कमी उजेडात बघण्याचं काम करणाऱ्या दंडपेशींमध्ये अंधार पडला की सोडियमची दारं उघडी राहतात. आत शिरलेलं सोडियम सारखं बाहेर उपसावं लागतं. विहिरीला झरा जोरात असला की मोटार बंद करायची सोय नसते, तसं. उजेड पडला की दारं मिटतात आणि उपसा मंदावतो. धडधाकट डोळ्याला रात्रीचा हा खर्च झेपतो. मधुमेहात पडद्याच्या बारीक केशवाहिन्या बुजलेल्या असतात, त्यामुळे नेमकी रात्री ऑक्सिजनची ओढाताण होते. तहानलेला पडदा व्हीईजीएफ नावाचं रसायन सोडतो, त्याने वाहिन्या पाझरू लागतात, आणि पाझरलेलं पाणी मॅक्युलात, म्हणजे वाचण्या-ओळखण्याच्या मधल्या भागात, साचतं. ही ती सूज. इंजेक्शन याच व्हीईजीएफला अडवतं. लेझरचा शेक कडेच्या काही पेशी जाळून ऑक्सिजनची मागणीच कमी करतो.

ब्रिटिश दृष्टिशास्त्रज्ञ जेफ्री आर्डन यांचं म्हणणं होतं की पेशी जाळायच्या कशाला? रात्रभर मंद उजेड दिला तर दंडपेशी तशाही शांत राहतील. यावरून इंग्लंडमधल्या सेजफील्डच्या पॉलीफोटोनिक्स कंपनीने नॉक्टुरा ४०० हा मास्क बनवला. आत ओएलईडीचे दोन चपटे तुकडे असतात. साधा एलईडी टोचरा ठिपका देतो, ओएलईडी अख्ख्या पृष्ठभागातून सारखा उजेड देतो आणि फारसा तापत नाही. रंग हिरवा, तरंगलांबी ५०० नॅनोमीटरच्या आसपास, कारण दंडपेशी तिथेच सर्वांत हळव्या असतात. मिटलेली पापणी लाल उजेड बराच आत सोडते, हिरवा बराच अडवते. म्हणून पापणीची ही चाळणी जमेस धरून तेज ठरवावं लागतं. मास्क किती वेळ डोळ्यांवर होता याची नोंद तो स्वतः ठेवतो. ही सोय पुढे त्याच्याच अंगाशी आली.

चाचणीचं नाव क्लिओपात्रा. ब्रिटनमधली १५ केंद्रं, ३०८ रुग्ण, दोन वर्षं. सूज आहे पण अजून मॅक्युलाच्या मध्यापर्यंत पोहोचलेली नाही, अशांनाच घेतलं होतं. निम्म्यांना उजेडाचा मास्क, निम्म्यांना तसाच दिसणारा बिनउजेडाचा. निकाल २०१८ मध्ये लॅन्सेटच्या मधुमेह विषयाच्या नियतकालिकात आला. दोन्ही गटांत पडद्याच्या जाडीत पडलेला फरक एक मायक्रॉनच्याही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही) आतला, म्हणजे शून्यच म्हणायचा. संशोधकांनी आडपडदा न ठेवता लिहिलं की या सुजेसाठी मास्क वापरण्याला या चाचणीतून आधार मिळत नाही. गंभीर इजा कोणाला झाली नाही, हे मास्कच्या बाजूने लिहायला हवं. झोपमोड, डोळ्यांवर दाब, डोळे चिकट होणं किंवा पाणी येणं एवढ्या तक्रारी होत्या.

आणि मास्कने ठेवलेली ती नोंद काय म्हणाली? दोन वर्षांच्या शेवटी वापराची मध्यक टक्केवारी १९.५. सांगितलेल्या वापराच्या पाचव्या हिश्शालाही नाही.

हे का होतं ते उशीवर डोकं ठेवल्यावर कळतं. कुशीवर वळलं की खालच्या बाजूची कड गालात रुतते आणि मास्क अर्धा इंच वर सरकतो. उजेड पापणीऐवजी भुवईवर पडतो, झोपलेल्याला पत्ताही नसतो. पट्टा घट्ट केला तर डोळ्यावर दाब येतो, सैल केला तर सरकतो. त्यात मधुमेही माणूस रात्री दोन-तीनदा लघवीला उठतो. पहिल्यांदा उठताना मास्क कपाळावर चढवतो, दुसऱ्यांदा उशाशी ठेवतो, आणि तो सकाळपर्यंत तिथेच. उठतानाचा धोकाही कोणी सांगत नाही. रात्रभर उजेडात राहिलेल्या दंडपेशींना अंधाराला सरावायला थोडा वेळ लागतो. मास्क काढताच खोली नेहमीपेक्षा काळीकुट्ट दिसते, पाय आधीच बधिर, आणि न्हाणीघराचा उंबरठा तिथेच असतो. मास्क वापरणाऱ्याच्या घरी पलंगापासून संडासापर्यंत पायाशी एक मिणमिणता दिवा हवाच.

हे झालं इंग्लंडच्या थंडीतलं. नागपुरात नवतपा, म्हणजे उन्हाळ्याचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, सुरू असताना, रात्री दोनलाही भिंती तापलेल्या असताना, चेहऱ्यावर फोमची पट्टी बांधून झोपून दाखवावं. कूलरची दमट हवा आणि घाम यांनी फोम ओला राहतो, त्याला वास येतो, पापण्यांच्या कडा लाल होऊन चुरचुरतात. वीज गेली आणि कूलर बंद पडला की अंगावरचं पहिलं काय भिरकावलं जातं ते सांगायला नको. गच्चीवर झोपणाऱ्यांची गोष्टच सोडा. रात्री डोळ्यात मलम घालायचं असेल तर त्याचा थर मास्कच्या आतल्या बाजूला बसतो आणि उजेड धुरकट होतो. ओल्या मऊ फडक्याने रोज पुसावं लागतं. स्पिरिट लावलं तर प्लॅस्टिक पांढुरकं पडण्याची शक्यता.

याच विचारावरची आणखी एक वस्तू बातम्यांत येऊन गेली. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठात कॉलिन कुक आणि यू-चाँग ताई यांनी अंधारात चमकणारी कॉन्टॅक्ट लेन्स मांडली. तिच्यात ट्रिटियम भरलेल्या केसासारख्या बारीक नळ्या आहेत, घड्याळाच्या चमकत्या काट्यांत असतं तेच. युक्ती नळ्यांच्या जागेत आहे. त्या मधोमध नाहीत, कडेला चक्रासारख्या लावल्या आहेत, म्हणून अंधारात बाहुली मोठी झाली तरच त्यांचा उजेड पडद्यापर्यंत जातो. लेन्स डोळ्याबरोबर फिरते, सरकण्याचा प्रश्नच नाही. मास्कपेक्षा ही कल्पना सरस आहे, असं आमचं मत. पण मधुमेही माणसाने रात्रभर लेन्स घालून झोपायचं म्हणजे बुबुळाच्या जंतुसंसर्गाला आवतण. डोळ्याची संवेदना कमी झालेली असते, जखम भरायला वेळ लागतो. ही प्रयोगशाळेतली वस्तू आहे. दुकानात "तशीच" लेन्स दाखवली तर ती शोभेची चमकती लेन्स समजावी आणि हात लावू नये.

आता लाल दिवा. याचा हिरव्याशी काही संबंध नाही, आणि जाहिरातवाले नेमका इथेच घोळ घालतात. लाल उजेड दंडपेशींना झोपवण्यासाठी नसतो. ६७० नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाला, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या भागाला, चालना देतो, अशी मांडणी आहे. तो रात्रभर नाही, एका वेळी मिनिट-दीड मिनिट घ्यायचा. त्याचीही चाचणी झाली. अमेरिकेतल्या डीआरसीआर रेटिना नेटवर्क या संशोधकांच्या गटाने १३५ प्रौढ निवडले, मॅक्युलाच्या मध्यावर सूज पण नजर अजून चांगली असलेले. रेटिलक्स नावाचं उपकरण रोज दोनदा, दर वेळी ९० सेकंद, चार महिने. दुसऱ्या गटाला साधा पांढरा उजेड. सूज दोन्हीकडे सारखीच राहिली. इथे "लोकांनी वापरलंच नाही" ही सबबही चालत नाही, कारण दीड मिनिटाचं काम लोकांनी नेमाने केलं. हिरवा मास्क उशीवर हरला. लाल दिवा नीट वापरूनही हरला, आणि आमच्या लेखी हा निकाल जास्त जड आहे.

कोणी व्हॅलेडाचा दाखला दिला तर एवढं लक्षात ठेवा: ते ५९०, ६६० आणि ८५० नॅनोमीटरचं मशीन दवाखान्यात टेबलावर असतं, अंगावर घालायचं नसतं. अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याला जी परवानगी दिली ती वयामुळे होणाऱ्या कोरड्या मॅक्युला विकारासाठी. मधुमेहासाठी नाही.

मग ऑनलाइन मिळणारे गॉगल? चाचणीत होती ती ही उपकरणं नव्हेत. तरी कोणी मागवलेच असतील तर डोळ्याला लावण्याआधी खोका वाचा. "सीई", "रोह्स", "एफसीसी" असे शिक्के दिसतील. यातला रोह्स शिसं-पारा वगैरेंबद्दल आहे, एफसीसी रेडिओ लहरींबद्दल. डोळ्याच्या इलाजाशी दोघांचं काही देणंघेणं नाही. आपल्याकडे वैद्यकीय उपकरण नियम २०१७ चे आहेत. एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं कायद्याने औषधांत मोडतात, आणि ऑक्टोबर २०२३ पासून अगदी साधी काही उपकरणं सोडली तर कुठल्याही वर्गाचं उपकरण परवान्याशिवाय विकता येत नाही. देशी मालावर एमडी-५ किंवा एमडी-९ चा परवाना क्रमांक, आयात मालावर एमडी-१५ चा. विक्रेत्याकडे एमडी-४२ ची नोंदणी. खोक्यावर यातलं काही नसेल आणि बारीक अक्षरात "सौंदर्य व आराम यासाठी" असं लिहिलं असेल, तर विकणाऱ्यानेच हात वर केले आहेत.

दुसरी गोष्ट मात्रेची. खोक्यावर मिलिवॉट प्रति चौरस सेंटिमीटरचा आकडा शोधा. त्याला सेकंदांनी गुणून हजाराने भागलं की ज्यूल मिळतात. समजा २५ मिलिवॉट आहे. ९० सेकंदांत सव्वादोन ज्यूल. पण पुष्कळ गॉगलचा टायमर वीस मिनिटांवर असतो, म्हणजे १,२०० सेकंद, म्हणजे ३० ज्यूल. तेरापट. "जास्त वेळ, जास्त फायदा" हा हिशेब पडद्याला लागू होत नाही. मिलिवॉटचा आकडाच छापलेला नसेल तर हिशेब करायचाही प्रश्न नाही. परत पाठवा.

तिसरी तपासणी घरी होते. आधी टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या समोरच्या कॅमेऱ्यापुढे धरून बटण दाबा. टोकाला जांभळट ठिपका दिसला तर तो कॅमेरा अवरक्त उजेड पकडतो. न दिसल्यास दुसऱ्या फोनवर बघा, मागच्या कॅमेऱ्यात बहुधा गाळणी असते. आता त्याच कॅमेऱ्यापुढे गॉगल सुरू करा, डोळ्याला न लावता. नुसत्या डोळ्यांना बंद किंवा मंद वाटणारे एलईडी कॅमेऱ्यात जोरात चमकले, तर आत ८५० नॅनोमीटरचे दिवे आहेत. हा उजेड डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, म्हणून बाहुली आकसत नाही, पापणी मिटत नाही. डोळ्याचा स्वतःचा पहारा तिथे झोपलेला असतो. थेंब घातलेल्या दिवशी तर हे गॉगल लावूच नयेत, बाहुली सताड उघडी असते.

बॅटरी लिथियमची असते आणि कानशिलाला चिकटलेली. ४५ अंशांच्या वर ती चार्ज करायची नसते. मेमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर हे राहिलं तर फुगणार. फुगलेला, टणक झालेला गॉगल चेहऱ्याला लावू नका, चार्जिंगला लावून तर अजिबातच नाही.

"पण आमच्या शेजाऱ्यांचा रिपोर्ट सुधारला" हे हमखास ऐकू येतं. खोटं नसतं ते. ओसीटीचा, म्हणजे पडद्याची जाडी मोजणाऱ्या स्कॅनचा, कागद हातात घ्या. मधोमध वर्तुळं असतात, प्रत्येकात मायक्रॉनमधला आकडा. आतल्या वर्तुळातला आकडा साधारण २५०-२७० च्या आसपास असला की मध्य ठीक. आता दोन सापळे. पहिला वेळेचा: मॅक्युलाची सूज सकाळी जास्त असते, दिवस चढेल तशी थोडी उतरते. (रात्रीच्या ऑक्सिजनटंचाईच्या मांडणीला पुष्टी म्हणून हेच दाखवतात.) पहिला ओसीटी सकाळी नऊला आणि दुसरा संध्याकाळी सहाला काढला, तर मधल्या महिन्यांत काहीही न करता सुधारणा दिसू शकते. दुसरा सापळा मशीनचा. वेगवेगळ्या कंपन्यांची मशीनं पडद्याची तळरेषा वेगवेगळ्या थरावर धरतात, त्यामुळे एकाच डोळ्याचे एकाच दिवशीचे आकडे जुळत नाहीत. तेव्हा तुलना करायची तर तेच मशीन, तीच वेळ, आणि कागदावरचा सिग्नलचा आकडाही बघायचा. तो कमी असेल तर रेषा चुकीच्या जागी ओढलेली असू शकते. शिवाय रक्तदाब आटोक्यात आला, डायलिसिस सुरू झालं, पायोग्लिटाझोनची गोळी थांबवली, यांनीही सूज कमी होते. श्रेय मात्र गॉगल घेऊन जातो.

इंजेक्शनच्या भीतीपोटी घरगुती उपाय हवा असतो, हे समजण्यासारखं आहे. डोळ्यात सुई म्हटल्यावर कोणाचाही जीव वर-खाली होतो. तर घरी घेण्याजोगं, पुरावा असलेलं एक औषध आहे आणि ते दिव्याचं नाही. फेनोफायब्रेट, चरबी कमी करणारी जुनी गोळी. स्कॉटलंडमधल्या "लेन्स" नावाच्या चाचणीत (डोळ्यात घालायच्या लेन्सशी संबंध नाही) १,१५१ मधुमेही होते, पडद्याला सुरुवातीचा त्रास असलेले. गोळी घेणाऱ्यांपैकी २२.७ टक्क्यांचा आजार पुढे सरकला किंवा इलाजाची वेळ आली, तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २९.२ टक्के. निकाल २०२४ चा. ती क्रिएटिनिन वाढवते, म्हणून मूत्रपिंडाची तपासणी करून आपल्या फिजिशियनच्या सल्ल्यानेच. आणि ती इंजेक्शनची जागा घेत नाही. मध्यावर सूज येऊन नजर उतरली असेल तर इंजेक्शनच, सुरुवातीला बहुधा दर महिन्याला, पुढे अंतर वाढवत.

मास्कचा खरा तोटा पैशाचा नाहीच. चार महिने "बघू फरक पडतो का" म्हणून जातात, आणि त्या काळात पडद्यावर नाजूक नवे धागे फुटतात, मग एके सकाळी डोळ्यासमोर कोळ्याचं जाळं पडतं. ते रक्त असतं.

गॉगलच्या पैशात काय करता येईल? बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी, दोन्ही डोळ्यांचा ओसीटी, आणि एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी. पडद्याची तपासणी टाइप दोनच्या मधुमेहात निदान झाल्याबरोबर आणि नंतर दर वर्षी, नजर ठणठणीत असली तरी. मेडिकल, मेयो आणि मिहानचं एम्स, नागपूरच्या या तिन्ही सरकारी रुग्णालयांत नेत्रविभाग आहे. मध्यमवर्गाला तिथली रांग नको असते, पण जुनी फाइल, साखरेचा आणि रक्तदाबाचा ताजा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी घेऊन सकाळी लवकर गेलं तर काम होतं. लेझर किंवा इंजेक्शन सुचवलं तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला आधीच विचारावं.

थेंबांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि पुढचे चार-सहा तास उजेड टोचतो. त्यात फिनाइलेफ्रिन असेल तर रक्तदाब वाढू शकतो, म्हणून बीपीचा त्रास असल्यास थेंब घालणाऱ्या सिस्टरला आधी सांगायचं. स्कूटर घरी ठेवायची. धंतोलीला जायचं तर मेट्रोचं काँग्रेस नगर स्टेशन जवळ पडतं. उन्हाळ्यात काळा गॉगल आणि डोक्याला दुपट्टा. आणि दिव्याचा गॉगल आधीच विकत घेतला असेल तर खोक्यावरची परत करायची तारीख आजच बघा. बहुतेकांची ती ओसीटीच्या तारखेआधी संपते.